मध्यदेशाची चिठ्ठी

प्रमोदिनीला राग यायला वेळ लागत नसे. तो गिळायला मात्र ती अकरा वर्षांत चांगली शिकली होती. कडेगावजवळच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवायची. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला हातात नारळ. सोमवारी पहाटेची एसटी धरून साताऱ्याहून यायचं, शनिवारी दुपारी परत जायचं, आणि मधले दिवस भाड्याच्या खोलीत एकटीनं काढायचे. एवढं करून शिकवायचं काय, तर जगाचं राजकारण! स्वतःच्या खुर्चीचा भरवसा नाही आणि फळ्यावर महासत्तांचा समतोल. तिची आई साताऱ्यात शेजारणींना सांगायची, "आमची प्रमोदिनी जगाचं बघते, घरचं बघायला तिला सवड नाही."

डिसेंबरात प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, राज्यशास्त्र स्पेशलला पुढच्या वर्षी किती पोरं येतील?"

"पंधरा तरी येतील, सर. उत्कर्षासारखी मुलगी तर याच विषयात पदवी करायची म्हणून इथं आलीय."

"पंधरात काय होतंय? संस्था म्हणते, विषय बंद करा. खोली मोकळी होईल, तिथं कॉम्प्युटर बसवू." मग त्यांना दया आली असावी. "असं करा, सांगलीत ती जागतिक राजकारणाची स्पर्धा असते ना, तिथली ढाल आणा. ढाल आली की पेपरात नाव येतं. पेपरात नाव आलं की संस्थेच्या साहेबांना विषय बंद करवत नाही."

"म्हणजे आम्ही कसं शिकवतो, त्याचा विषय टिकण्याशी काही संबंध नाही?"

"कसं शिकवता ते भिंतीवर टांगता येतं का, मॅडम?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती "बरं" म्हणाली आणि बाहेर आली. गिळायची सवय, दुसरं काय.

वर्गात ती आली तेव्हा त्या दिवशीचा पाठ होता राष्ट्रं एकमेकांशी अशी का वागतात याचा. पाठ्यपुस्तकातली वाक्यं त्या पोरांच्या डोक्यावरून जायची हे तिला ठाऊक होतं, म्हणून पुस्तक मिटून ती बोलायची. "गावात भांडण झालं तर पोलीस पाटील आहे, तहसीलदार आहे, कोर्ट आहे. दोन देशांचं भांडण झालं तर फौजदार कुठून आणायचा? राष्ट्रांच्या डोक्यावर सरकार नाही. म्हणून प्रत्येक देश आपल्यापुरतं बघतो. दिलेला शब्द सोयीचा असेल तोवर पाळतो, गैरसोयीचा झाला की मोडतो. असं मानणाऱ्यांना आपण वास्तववादी म्हणतो."

दुसऱ्या बाकावरून उत्कर्षानं हात वर केला. उत्कर्षा पूर्वेकडच्या कोरड्या गावातली, धनगराची पोर. घरात दहावीच्या पुढं गेलेली पहिलीच. बोलायला लागली की सगळा वर्ग मान वळवायचा.

"मॅडम, आमच्या वाड्याच्या डोक्यावर तरी कुठं कोण फौजदार हाय?"

वाडा म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, हे त्या वर्गात कुणाला सांगावं लागत नव्हतं. सोनियाला तेवढं माहीत नव्हतं, तिला तानाजीनं हळूच सांगितलं.

"दिवाळी झाली की आमच्या आज्याची, धुळा आबांची, मेंढरं खाली उसाच्या पट्ट्यात जात्यात. पार फलटणपतूर. आबा सवता आता थकल्यात, चार मेंढरं राखून घरीच ऱ्हात्यात. रानात मेंढरं बसवली की शेतकऱ्याला खत मिळतंय, आमास्नी धान्य. कुणाच्या रानात किती राती बसायचं, ते समदं तोंडी. कागुद न्हाई, सही न्हाई. तरी सालोसाल तीच गावं, तीच रानं."

"मग शब्द पाळायचा कसा?" प्रमोदिनीनं विचारलं.

"भंडारा उचलायचा. बिरोबाच्या नावानं दोघांनी हळद कपाळाला लावायची. झालं."

"आणि कुणी मोडला तर?" सोनिया म्हणाली.

"मोडणाऱ्यानं दंड म्हणून मेंढी द्यायची. पर दंडाचं काय न्हाई गं. त्याला म्होरल्या साली कुणी रानात घेत न्हाई. त्याच्या पोराबाळांस्नी बी न्हाई."

प्रमोदिनी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिली. अकरा वर्षं ती हे पुस्तकातून सांगत आली होती आणि पोरं वहीत उतरवून विसरत होती. आज ते सगळं दुसऱ्या बाकावरून आपल्या पायानं चालत आलं. तिला इतका आनंद झाला की तास संपल्याची घंटाही तिनं ऐकली नाही. "हे बघा," ती म्हणाली, "उदारमतवादी म्हणतील, पुन्हा पुन्हा त्याच माणसाशी गाठ पडते म्हणून शब्द पाळला जातो. तिसरे असतात ते म्हणतील, तुम्ही स्वतःला शब्द पाळणारी माणसं समजता, म्हणून पाळता. रचनावादी म्हणतात त्यांना. उत्कर्षा, तुझ्या आबांना यातलं कुठलं पटेल?"

"तिसरं," उत्कर्षा म्हणाली. "दुसरं बी हाय, पर तिसरं जास्त."

सांगलीला जाणारा संघ त्याच दिवशी ठरला: उत्कर्षा, तानाजी आणि सोनिया.

*

सांगलीचं ते कॉलेज नावाजलेलं. भिंतीला चकाकणारा रंग, पाण्याच्या बाटल्यांवर कॉलेजचं नाव, आणि दारातच चिंतामण सर. सर म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. दोनदा परदेशात निबंध वाचून आलेले, आणि ते दोनदा प्रत्येकाला तिसऱ्यांदा सांगणारे. स्पर्धा त्यांची, यजमान संघ त्यांचा, मुख्य परीक्षकही तेच. आणि पत्रिकेवर मोठ्या अक्षरात 'निःपक्षपाती परीक्षण'. आपल्याकडं अशा गोष्टीला कुणी हरकत घेत नाही, आणि घेतली तर हरकत घेणाऱ्याचीच शोभा होते.

सकाळी प्रश्नोत्तरांची फेरी झाली. सहा संघांतले तीन उरले: यजमानांचा, फलटणकडच्या एका कॉलेजचा आणि प्रमोदिनीचा. जेवणाच्या रांगेत चिंतामण सर ताट घेऊन तिच्याशेजारी आले.

"कडेगावकडच्या का तुम्ही? वा. ऊस आणि मेंढरं यातून तुमच्या पोरांना जागतिक राजकारणाला वेळ मिळतो म्हणजे कौतुकच आहे."

आजूबाजूचे हसले. प्रमोदिनीही हसली. त्या हसण्याचा तिला स्वतःचाच इतका राग आला की ताटातली जिलबी तिनं तशीच ठेवली.

दुपारी मुख्य खेळ. एक खोटी नदी आणि तिच्यावरचे तीन खोटे देश. वरचा उगमदेश, अर्थातच यजमानांना. मधला मध्यदेश उत्कर्षाच्या संघाला. सर्वांत खालचा अंतदेश फलटणच्या संघाला. आधी अर्धा तास वाटाघाटी, मग नदी आयोगाच्या अध्यक्षाची निवड, आणि शेवटी वरच्या दोन देशांनी गुप्त चिठ्ठी टाकायची: खालच्या देशासाठी पाणी सोडू, की अडवू. चिठ्ठीवर मार्गदर्शक शिक्षकानं सही करून ती स्वतः पेटीत टाकायची. जिथं कॅनॉलच्या शेवटाला राहणाऱ्या माणसाला पाणी कधी येतं आणि कधी येत नाही हे शेंबडं पोरही सांगेल, तिथल्या मुलांना हा खेळ समजावून सांगायची गरज पडली नाही.

उगमदेशाचा प्रमुख पुष्कर. चिंतामण सरांचा लाडका, टाय लावलेला. त्यानं अंतदेशाच्या टेबलावर तीन पानी इंग्रजी करार ठेवला आणि खाली मत कुणाला द्यायचं ते पेन्सिलीनं लिहून दिलं. अंतदेशाची प्रमुख अंजना नावाची बारकीशी मुलगी होती. ती पानं उलटत राहिली.

उत्कर्षा सरळ तिच्याजवळ जाऊन बसली.

"तुझं गाव कंचं?"

"फलटणच्या खालतीकडं."

"मेंढरं हायती?"

"हायती की. आमचा बी वाडाच की गं."

एवढ्यावर दोघींचं जग जुळलं. उत्कर्षा म्हणाली, "तू मला अध्यक्षपदाला मत दे. म्या पाणी अडवणार न्हाई." अंजना म्हणाली, "आमचं सर म्हणत्यात, हितं कुणावर इस्वास ठिवायचा न्हाई." उत्कर्षानं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत कागदाची पुडी होती, निघताना धुळा आबांनी दिलेली. दोघींनी चिमूट उचलली, एकमेकींच्या कपाळाला लावली. "बिरोबाच्या नावानं," उत्कर्षा म्हणाली. "चांगभलं," अंजना म्हणाली आणि तो तीन पानी करार तिनं पुष्करला परत दिला.

थोडी हळद पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडली होती. चिंतामण सर माइकजवळच उभे होते.

"अहो, हे काय चाललंय? आंतरराष्ट्रीय परिषद आहे की जत्रा? शिपाई, ते टेबल पुसून घ्या."

सभागृह खदखदून हसलं. शिपायानं ओल्या फडक्यानं भंडारा पुसला आणि फडकं बादलीत पिळलं. उत्कर्षानं कपाळावरची चिमूट पुसली गेली नाही ना, ते बोटानं चाचपून पाहिलं. प्रमोदिनीचे मात्र कान तापले. त्या बादलीतल्या पिवळ्या पाण्याकडं बघत तिनं मनात ठरवलं, की आज काहीही होवो, ही ढाल यांच्या घशातून काढून न्यायची. या माणसाच्या हातून घ्यायची. विषयासाठी नाही, नोकरीसाठी नाही, या पुसण्यासाठी.

अंजनाच्या मतानं उत्कर्षा अध्यक्ष झाली. तरी यजमान चार गुणांनी पुढं होते. चहाच्या वेळी तानाजीनं हिशेब मांडला: पाणी सोडलं तर आपल्याला दोन गुण, अडवलं तर अध्यक्ष म्हणून दहा; यजमानांना काही केलं तरी दोनच. सोडलं की ढाल गेली, अडवलं की ढाल आपली. त्यात कसला गोंधळ नव्हता.

"अडवू लिही," व्हरांड्यात प्रमोदिनी उत्कर्षाला म्हणाली.

"मॅडम, भंडारा उचललाय."

"अगं, खेळ आहे हा. देश खोटे, नदी खोटी."

"देश खोटं असत्याल. अंजना खरी हाय की."

"उत्कर्षा, तू हुशार आहेस. ढाल नाही आली तर जूनमध्ये विषय बंद. तुला कशात पदवी घ्यायचीय मग?"

उत्कर्षाचा चेहरा उतरला. हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं कपातला चहा संपवला. मग तिनं चिठ्ठी घेतली आणि ठळक अक्षरात 'पाणी सोडू' लिहिलं. "बंद झाला तर झाला, मॅडम. म्या मराठी घीन."

प्रत्येक संघाला दोन चिठ्ठ्या दिल्या होत्या, एक चुकली तर दुसरी असावी म्हणून. प्रमोदिनी पेटीकडं निघाली तेव्हा कोरी चिठ्ठी तिच्या पर्समध्ये होती. पेटीपाशी चिंतामण सर उभे होते. "या, मध्यदेश," ते म्हणाले, "भंडाऱ्याची चिठ्ठी टाका." पुष्कर हसला. प्रमोदिनी खिडकीशी गेली, कोऱ्या चिठ्ठीवर 'पाणी अडवू' लिहिलं, सही केली आणि पेटीत टाकली. उत्कर्षाची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. 

निकाल वाचायला चिंतामण सरच उठले. चिठ्ठी उघडून त्यांनी भुवया वर केल्या, चष्मा सारखा केला आणि टाळ्या वाजवल्या.

"मित्रहो, मी हसलो होतो. माझी चूक झाली. या मुलीनं आपल्या सगळ्यांना वास्तववाद शिकवला. देवाची शपथ घेऊन समोरच्याला गाफील ठेवलं, मत काढून घेतलं आणि ऐनवेळी पाणी तोडलं. श्रद्धा हेसुद्धा सत्तेचं साधन आहे! ग्रामीण भागात ही समज आली, याचा मला अभिमान वाटतो. ढाल मध्यदेशाला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. उत्कर्षा खुर्चीत तशीच बसून होती. समोरच्या टेबलावर अंजना तिच्याकडं बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती, जणू आपल्या घरची बाई परक्या गावात ओळख नाकारताना पाहावी तशी. उत्कर्षानं एकदा अंजनाकडं, एकदा मॅडमकडं पाहिलं. तिला कळलं.  ढाल तानाजीनं घेतली. फोटोत मध्ये चिंतामण सर, एका बाजूला तानाजी, दुसऱ्या बाजूला सोनिया. उत्कर्षा अंजनाच्या जीपमागं फाटकापर्यंत पळत गेली होती, पण जीप थांबली नाही.

तासगाव मागं पडेपर्यंत उत्कर्षा एसटीच्या खिडकीकडं तोंड करून बसली होती. मग एकदम वळली.

"मॅडम, तुमी का केलंसा?"

"ते हसले, उत्कर्षा. भंडारा पुसला त्यांनी. मला सहन नाही झालं."

"त्यांनी टेबलावरचा पुसला. टेबलावरचा पुसला म्हणून काय झालं? कपाळावरचा हुता की. त्यो तुमी पुसला." तिचा आवाज चढला, पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघू लागल्या. "तुमास्नी राग आला त्या सरांचा. आन मोडलं कुणाचं? आमचं! त्येचं काय मोडलं? त्येनं तर टाळ्या वाजिवल्या!"

 अकरा वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला पुस्तकातल्या तिन्ही बाजूंनी उत्तर नव्हतं.

*

पेपरात नाव आलं. कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फुलांच्या आणि हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पडला. ढाल प्राचार्यांच्या केबिनमध्ये लागली आणि संस्थेच्या साहेबांनी तिला हात लावून फोटो काढला. विषय पुढच्या वर्षी चालू राहील, असं पत्रही आलं. उत्कर्षा मात्र कॉलेजला आली नाही. आठ दिवस झाले, दहा झाले. सोनियानं फोन केला तर ती "घरी काम हाय" म्हणाली.

अकराव्या दिवशी फाटकाशी गलका झाला. वॉचमन एका म्हाताऱ्याला आत सोडत नव्हता. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातातल्या दोरीला तरणी मेंढी. मागं उत्कर्षा उभी होती, मान खाली घालून.

"आवं बाई," धुळा आबा प्रमोदिनीला म्हणाले, "त्या फलटणच्या पोरीचं गाव तुमच्या कागदात असंल. त्येवढं द्या. आमच्या पोरीनं भंडारा मोडला. दंड नेऊन द्यायाचा हाय."

"तिनं तुम्हाला काय सांगितलं?"

"मोडला म्हनली. कसा मोडला, का मोडला, एक शबुद न्हाई. दहा दीस झालं, मेंढरामागं जाती आन परत येती. जेवत न्हाई नीट."

उत्कर्षानं मान वर केली नाही. प्रमोदिनीच्या ध्यानात आलं, की ही पोर तिला वाचवत होती. सगळ्या सांगली-साताऱ्यात, शिकल्यासवरल्या माणसांच्या गर्दीत, तिचं नाव झाकून ठेवणारी एकच होती आणि तिलाच तिनं लुबाडलं होतं. त्या क्षणी तिला स्वतःचा आला तसा संताप आयुष्यात कुणाचा आला नव्हता. चिंतामण सरांचाही नाही.

"आबा, तिनं नाही मोडला. तिनं 'सोडू' लिहिलं होतं. मी दुसरी चिठ्ठी टाकली."

 आबांनी दोरी आवळून मेंढी जवळ घेतली.

"मग ही मेंढी कशाला न्यू? मोडला एकानं आन दंड दिला दुसऱ्यानं, तर मोडणारा मोकळा सुटतोय. तुमी चला बाई आमच्यासंगं."

ती प्राचार्यांकडं रजा मागायला गेली आणि तिथंच सगळं सांगून टाकलं. प्राचार्यांनी आधी दार लावलं.

"मॅडम, गप्प बसा. ढाल भिंतीवर लागलीय, विषय मंजूर झालाय, तुमची ऑर्डरही निघेल. आता खरं बोलून कुणाचं भलं होणार आहे?" आणि खात्री करायला त्यांनी स्पीकरवर सांगलीला फोन लावला. चिंतामण सर पोट धरून हसले. "अहो मॅडम, मग तर बक्षीस तुम्हालाच द्यायला हवं! हाच तर वास्तववाद. ढाल ठेवा. परत वगैरे काही नको, आमचीच शोभा व्हायची."

म्हणजे गुन्हा कबूल करायला गेलं तर तो घेणारंही कुणी नाही! चोरी केली म्हणून सांगावं आणि फौजदारानं पाठ थोपटावी, असला न्याय. प्रमोदिनीनं ढाल भिंतीवरून काढली, पिशवीत घातली आणि प्राचार्य "मॅडम, मॅडम" म्हणत असताना जिना उतरली.

*

अंजनाच्या घरापुढं बाभळीला दोन शेळ्या बांधल्या होत्या. तिचे वडील नानासो खाटेवर बसून धुळा आबांचं ऐकत होते. अंजना उंबऱ्यात उभी. तिनं उत्कर्षाकडं पाहिलंही नाही. प्रमोदिनीनं सगळं सांगितलं, काही न झाकता. मग ढाल पिशवीतून काढून खाटेवर ठेवली.

नानासोंनी ढालीकडं बघितलंसुद्धा नाही. "ही घिऊन आमी काय करू? कोंबड्यांस्नी पाणी पाजायचं व्हय तिच्यात?"

"मग मी काय करू ते सांगा. मला खरंच कळत नाही."

अंजना पहिल्यांदा बोलली. "आमच्या सरांनी दुसऱ्या दिशी मला वर्गात हुबं केलं. म्हनलं, पोरांनो, जागतिक राजकारणात इस्वास ठिवणारा कसा बुडतोय, त्येचं उदाहरण बघायचं आसंल तर हिकडं बघा. तवापासनं दर तासाला तेच. सिद्धांत निघाला की मला हुबं करत्यात. पोरं मला अंतदेश म्हनत्यात." ती थांबली. "हितं घरात सांगून काय उपेग, मॅडम? हितं कुणाला सांगायचं हाय? जितं मला हुबं केलं, तितं या."

तिथं जायचं म्हणजे काय, हे प्रमोदिनीला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. घरात सांगितलेलं घरात राहतं. वर्गात सांगितलेलं त्याच दिवशी सांगलीला पोचतं, सांगलीहून पेपरात, पेपरातून संस्थेच्या साहेबांच्या टेबलावर. विषय जाणार, ऑर्डर जाणार, अकरा वर्षं जाणार. तिनं अंजनाला विचारलं, "उद्या राज्यशास्त्राचा तास किती वाजता आहे?"

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती त्या वर्गात उभी राहिली. पन्नासेक मुलं, फळ्यावर 'वास्तववाद: प्रमुख गृहीतके' आणि टेबलामागं अंजनाचे सर, तरुण, नीटनेटके, मनानं वाईट नसलेले. मागच्या बाकावर उत्कर्षा आणि धुळा आबा बसले होते. वाटेत कुठं सोडता येईना म्हणून बरोबर आलेली मेंढी आबांनी बाहेर वॉचमनच्या हवाली केली होती.

"मी प्रमोदिनी," ती म्हणाली. "कडेगावकडं हाच विषय शिकवते. तुमच्या सरांनी फळ्यावर लिहिलंय, ते मीही शिकवते. तुम्हाला जे उदाहरण दिलं गेलं ते चुकीचं आहे. अंजनाला उत्कर्षानं फसवलं नाही. उत्कर्षानं चिठ्ठीत 'पाणी सोडू' लिहिलं होतं. मी ती चिठ्ठी बदलली. एका माणसानं माझ्या मुलांचा अपमान केला, त्याचा राग मी त्याच्यावर काढू शकले नाही, म्हणून तो या दोघींवर काढला. दोन मुलींनी शब्द दिला आणि पाळला. मोडला तो शिक्षिकेनं. पुस्तकात लिहिलंय की देश असे वागतात. असेल. पण ती चिठ्ठी देशानं लिहिली नव्हती, या हातानं लिहिली होती."

 अंजनाच्या सरांना अवघडल्यासारखं झालं. ते पुढं आले, हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "मॅडम, तुम्ही फारच मनावर घेतलंत. शेवटी खेळच होता तो."

प्रमोदिनी त्यांच्याकडं वळली. अकरा वर्षं गिळलेलं सगळं तिच्या घशाशी आलं, आणि या वेळी तिनं ते गिळलं नाही.

"खेळ होता, तर हिला रोज उभं का करता?"

 हातातला खडू सरांनी टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. कुणीतरी मागून हसायला लागलं आणि शेजारच्यानं त्याला कोपर मारलं.

तिसऱ्या बाकावरून अंजना उठली. तिला कुणी उठवलं नव्हतं. ती फळ्याजवळ आली, प्रमोदिनीच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं वर्गाकडं तोंड केलं.

"आता इचारा," ती म्हणाली, "कुणाला काय इचारायचं हाय त्ये."